फायबरची गाडी आणि पत्र्याचा पूर्वग्रह

अमरावती-अकोल्याकडे जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसाला तीन सल्ले फुकट मिळतात. पहिला, "फायबरची घेता काहून? डबा आहे थो. घ्याची तर पत्र्याची घ्या." दुसरा, "फायबरले काय होते भाऊ? ना गंज, ना सड. रंग मारला का झाली नवी." आणि तिसरा, "हे आपल्या इथलं काम नोहे. पुण्याले नाहीतर मुंबईले पाठवा." पहिला सल्ला त्या गाडीला तुच्छ ठरवतो, दुसरा अमर ठरवतो आणि तिसरा असाध्य. तिन्ही एकाच वेळी खरे असणे शक्य नाही, तरी बहुधा ते एकाच तोंडून आणि एकाच चहावर ऐकायला मिळतात.

हे सल्ले एकत्र गुंफले की पूर्वपक्ष तयार होतो. फायबरग्लासची स्पोर्ट्स गाडी मुळातच दुय्यम. तिच्या अंगाला सहसा काही होत नाही. आणि झालेच, तर ते घरच्या शेडमध्ये, तेही वऱ्हाडात, निस्तरण्यासारखे नसते. माझा पक्ष याच्या नेमका उलट आहे. पत्र्याच्या गाडीपेक्षा फायबरची गाडीच घरी उभी करायला अधिक लायक आहे, कारण तिच्या जन्माची आणि तिच्या दुरुस्तीची रीत एकच आहे.

खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या सगळ्या बळानिशी मांडायला हवा. दुबळा करून पाडलेला पक्ष पडला असे होत नाही. पत्र्याचे काम जाणणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही असतो. ठोकणे, जोडणे, घासणे हे त्याच्या हातात मुरलेले असते. फायबर मात्र रसायन आहे. त्यात माप चुकले, वेळ चुकली, हवा चुकली की काम वाया जाते. शिवाय आपल्याकडे फायबरच्या नावाखाली जी कामे झालेली दिसतात ती बहुधा वाईटच असतात. भेगेवर बोटभर पुट्टी, तिच्यावर चकचकीत रंग आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच भेग पुन्हा वर. ज्या कंपन्यांनी या गाड्या बांधल्या त्यांतल्या बऱ्याचशा बंद झाल्या, त्यामुळे सुटे भागही मिळत नाहीत. ही तक्रार खोटी नाही. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे.

आधी 'डबा' हा शब्द तपासू. ३० जून १९५३ रोजी अमेरिकेतल्या फ्लिंट गावी पहिली कॉर्व्हेट कारखान्यातून बाहेर पडली. त्या वर्षी ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या आणि सगळ्या फायबरच्या. पत्र्याचे अंग घडवायचे तर आधी प्रचंड आणि महागडे पोलादी साचे करावे लागतात. थोड्या गाड्यांसाठी तो खर्च परवडत नाही. फायबरने ती अट काढून टाकली. १९५७ साली लोटसने 'एलिट' दाखवली. तिच्यात वेगळी चेसिसच नव्हती. फायबरचे अंग हाच तिचा सांगाडा होता आणि लोखंड फक्त मोजक्या, जोर येणाऱ्या जागी आत पुरलेले होते. फ्रान्सची अल्पीन ए-११० फायबरच्या अंगाची. १९७३ साली जागतिक रॅली स्पर्धेची पहिली मालिका झाली आणि उत्पादकांचे विजेतेपद याच अल्पीनने नेले. फेरारीने १९७५ साली '३०८ जीटीबी' आणली तेव्हा तिचे अंग फायबरचे होते. अशा ७१२ गाड्या झाल्या आणि मग कंपनी पत्र्याकडे वळली. आज संग्राहक पत्र्याच्या ३०८पेक्षा फायबरच्या ३०८ला जास्त किंमत मोजतात. ज्यांना गाड्या कळतात अशांच्या बाजारात 'डबा' हा निकाल केव्हाच फिरला आहे.

इथे प्रतिपक्ष ट्रॅबंटचे नाव काढतो. पूर्व जर्मनीची ती धुरकट गाडी 'प्लास्टिकची गाडी' म्हणून जगभर चेष्टेचा विषय झाली. पण ट्रॅबंटचे अंग फायबरग्लासचे नव्हतेच. सोव्हिएत संघातून आलेला टाकाऊ कापूस आणि फिनॉलचे रेझिन एकत्र करून, तापवून, दाबयंत्रात दाबून ते पत्रे केले जात. ज्या कापसावर वऱ्हाडाचे सारे अर्थकारण उभे राहिले, त्याच्या काडीकचऱ्यातून १९५७पासून तीन दशकांहून जास्त काळ लक्षावधी गाड्या निघाल्या, ही गोष्ट आपल्या भागात तरी हसण्यावारी नेऊ नये. पण मुद्दा वेगळा आहे. ट्रॅबंटचा पत्रा दाबयंत्राशिवाय होत नाही आणि फुटला तर घरी पुन्हा घडवता येत नाही. फायबरग्लासला दाबयंत्र लागतच नाही. दोघांना 'प्लास्टिक' म्हणून एका गाठोड्यात बांधले की ज्या फरकावर सगळा वाद उभा आहे तोच नजरेआड होतो.

आपल्याकडचा इतिहासही पाहा. बंगळूरच्या सनराइज कंपनीने सत्तरच्या दशकात 'बादल' ही फायबरच्या अंगाची तीनचाकी गाडी काढली. पुढे त्याच घराण्यातून, सिपानी या नावाने, १९८२ साली 'डॉल्फिन' आली. इंग्लंडच्या रिलायंट किटनवर बेतलेली, ८४८ सीसीच्या ॲल्युमिनियम इंजिनाची, दोन दारांची. वजनाला हलकी असल्यामुळे ती शर्यतींत आणि रॅलींत आवडती झाली. पण १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि बाजार फिरला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन मोटर्सची 'स्टॉर्म' आली. दोन आसनी, उघडी, फायबरची, रेनॉचे ११४९ सीसीचे इंजिन घातलेली. आणि खुद्द महाराष्ट्रात, अलिबागजवळ, चिंकारा मोटर्सने लोटस सेवनच्या घाटाची रोडस्टर बांधली. तिच्यातले इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन हिंदुस्तान मोटर्स अँबॅसडरमध्ये आणि कॉन्टेसात घालत असे, म्हणजे ते आपल्या गॅरेजांच्या चांगल्या ओळखीचे. अलिबागेत कारागिरांच्या हातांनी जी गाडी जन्माला येऊ शकते, ती अमरावतीत दुरुस्त का होऊ नये, एवढा एकच प्रश्न प्रतिपक्षाला विचारावासा वाटतो.

दुसऱ्या सल्ल्याचे खंडन जास्त महत्त्वाचे, कारण तो गोड आहे आणि त्यानेच गाड्यांचे जास्त नुकसान केले आहे. फायबर गंजत नाही हे खरे. पण फायबरच्या बहुतेक गाड्यांच्या खाली लोखंडाची चेसिस असते. लोटसच्या १९६२च्या 'एलान'ला मधोमध पाठीच्या कण्यासारखी पोलादी चेसिस होती. वरचे अंग वर्षानुवर्षे टकाटक राहिले आणि खाली कणा गंजत गेला, हीच त्या गाडीची जगभरची कहाणी आहे. पत्र्याची गाडी गंजू लागली की दाराच्या कडेला फोड येतो आणि ती मालकाला सावध करते. फायबरची गाडी बोलत नाही. बिजागऱ्यांच्या आणि आसनपट्ट्यांच्या मागे, फायबरात पुरलेल्या लोखंडी तुकड्यांना गंज धरतो. गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतालचे थर आतून फोडते. बाहेर दिसते ती फक्त केसासारखी भेग, आणि तिच्यावर पुट्टी भरली जाते. म्हणजे 'फायबरले काय होते' म्हणणारा माणूसच त्या गाडीचा सगळ्यात मोठा वैरी ठरतो.

दुसरे दुखणे उन्हाचे. काचेच्या मॅटचे फायबर आणि पोलाद तापल्यावर सारखे वाढत नाहीत. फायबर साधारण दुपटीने वाढते. अकोल्याच्या जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यात उन्हात तापलेले बॉनेट यांच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक सहज पडतो. एवढ्या फरकात दीड मीटर लांबीच्या जोडात फायबर आणि लोखंड यांच्यात सुमारे एक मिलिमीटरची ओढाताण होते. बोल्ट करकचून आवळलेला असेल तर ती ओढाताण छिद्राच्या कडेवर निघते आणि तिथून भेगा फुटतात. यावर उपाय अगदी साधा आहे. छिद्र किंचित मोठे ठेवायचे, मागे रबराची आणि मोठ्या व्यासाची चकती घालायची आणि बोल्ट बेताने आवळायचा. पण दुखणे समजले नाही तर उपाय सुचत नाही. मग मिस्त्री बोल्ट आणखी आवळतो.

तिसरे दुखणे विजेचे. पत्र्याच्या गाडीत दिव्याकडे एकच तार जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचे अंग. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, प्रत्येक पंख्याला, हॉर्नला परतीची वेगळी तार चेसिसपर्यंत न्यावी लागते. जुन्या फायबर गाडीत दिवे मंद जळणे, इंडिकेटर लावल्यावर भलताच दिवा लुकलुकणे, पेट्रोलचा काटा उड्या मारणे, हे सगळे बहुधा एखाद्या गंजलेल्या अर्थिंगचे खेळ असतात. नवखा मेकॅनिक दिवा बदलतो, स्विच बदलतो, शेवटी मीटर बदलतो. चेसिसवरचा तो एक बोल्ट मात्र कोणी घासत नाही. तेव्हा फायबरच्या गाडीला काही होत नाही हे म्हणणे टिकत नाही. होते, पण जे होते ते पत्र्याच्या सवयीच्या डोळ्यांना दिसत नाही.

आता मुख्य वादाकडे येऊ. 'हे आपल्या इथलं काम नोहे.'

पत्र्याच्या गाडीचा मडगार्ड जन्मतो कसा? सपाट पत्रा एका पोलादी साच्यावर ठेवतात आणि शेकडो टनांचा दाब एका झटक्यात त्याला वळण देतो. तोच मडगार्ड घरी दुरुस्त करताना तो दाब कोणाकडेच नसतो. मिस्त्री हातोडा आणि ठोकळा घेऊन ठोकतो. ठोकताना पत्रा ताणला जातो. पाऊण मिलिमीटरचा पत्रा वेल्डिंगच्या आचेने वाकडा होतो. शेवटी उरलेली उंचसखल जागा पुट्टीने भरली जाते. कारागीर कितीही कसबी असो, जन्म एका रीतीने आणि दुरुस्ती दुसऱ्याच रीतीने होते.

फायबरचा मडगार्ड वेगळ्याच वाटेने जन्मतो. साचा मेण लावून गुळगुळीत करतात. त्याच्या आतल्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरचा जेलकोट देतात, म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग सगळ्यात आधी घडतो. मग काचेच्या तंतूंची मॅट पसरून तिच्यावर ब्रशने रेझिन, मग रोलर फिरवून हवेचे बुडबुडे बाहेर, मग पुढचा थर. सुकल्यावर साच्यातून काढले की झाला मडगार्ड. यात ब्रश, रोलर, कात्री आणि तराजू यांखेरीज कसलेही यंत्र नाही. आणि तो फुटला तर दुरुस्तीला मुख्यतः याच चार वस्तू लागतात. तेच रेझिन, तीच मॅट, तोच हात. म्हणूनच म्हणतो की फायबरच्या बाबतीत घर आणि कारखाना यांच्यातले अंतर साधनांचे नाही, शिस्तीचे आहे. आणि शिस्त काही पुण्याहून मागवावी लागत नाही.

ती शिस्त कोणती, हे सांगितल्याशिवाय हे मंडन पोकळ राहील. भेग म्हणजे वरचा ओरखडा नव्हे. ती खालच्या थरांत गेलेली असते. म्हणून आधी ती उघडायची, मेलेला भाग पूर्ण काढायचा. मग कड तासून उतरती करायची. जाडीच्या बारापट रुंद उतार हा मजबूत जोडाचा सर्वमान्य नियम आहे. अंग तीन मिलिमीटर जाड असेल तर भोवती छत्तीस मिलिमीटर, म्हणजे जवळपास दीड इंच. जोर येणारी जागा असेल तर मागच्या बाजूनेही थर द्यायचे. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीचपट रेझिन. त्याहून जास्त ओतले तर जोड ठिसूळ होतो, कमी पडले तर तंतू कोरडे राहतात. हार्डनर रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के, आणि तोही डोळ्यांच्या अंदाजाने न घेता तराजूवर मोजून. जुना रंग काढायला ॲसिडसारखे झोंबणारे पेंट रिमूव्हर वापरायचे नाही, कारण ते रेझिनही खाते. वाळूचा फवाराही नाही. पटाशी आणि पॉलिश पेपर हाच मार्ग. तो कंटाळवाणा आहे हे कबूल, पण अवघड नाही.

सुटा भागच नसेल तर? पत्र्याच्या गाडीचा मडगार्ड गेला की भंगार बाजार पालथा घालावा लागतो. फायबरच्या गाडीचा गेला तर त्याच जातीची दुसरी गाडी ज्याच्याकडे आहे त्याच्या दारी जाऊन तिच्या मडगार्डवरून साचा घेता येतो. मूळ गाडीला ओरखडाही न उमटता. डाव्याच्या साच्यातून उजवा निघत नाही एवढे लक्षात ठेवले की पुरे. कंपनी बंद पडल्यावर पत्र्याचे दाबयंत्री साचे भंगारात जातात आणि त्यांच्याबरोबर तो भागही संपतो. फायबरच्या बाबतीत जगातली प्रत्येक धड गाडी हा एकेक साचाच असतो. 'सुटे भाग मिळत नाहीत' ही प्रतिपक्षाची सगळ्यात वजनदार तक्रार फायबरला सगळ्यात कमी लागू पडते.

वऱ्हाडात कारागीर नाहीत, हेही पटण्यासारखे नाही. विलायतेतून आलेली जिनिंग-प्रेसिंगची यंत्रे इथल्या फिटर-टर्नरांनी पिढ्यान्‌पिढ्या चालती ठेवली. ज्या भागाचे चित्रही हाताशी नव्हते तो बघून घडवला. अमरावतीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४पासून आहे. बडनेरा आणि शेगाव इथली महाविद्यालये १९८३ची. आणि फायबरचा हात तर गल्लीत आहे. पाण्याच्या टाक्या, कूलरचे सांगाडे, बागेतले पुतळे करणाऱ्याला मॅट आणि रेझिन नवे नाही. त्याला गाडीच्या कडेची नजाकत माहीत नसते, पण हवा कशी काढायची आणि थर कसा द्यायचा हे तो पत्र्याच्या मिस्त्रीपेक्षा कैक पटींनी जाणतो. आपण मात्र गाडी आहे म्हणून डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात जातो आणि काम बिघडले की दोष फायबरला देतो.

हवामानाचा आक्षेप उरतो, आणि तो मी गांभीर्याने घेतो. २०२४च्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेल्यावर अकोल्यात प्रशासनाने कलम १४४ लागू केले होते. अशा उन्हात रेझिन हातातल्या डब्यातच आवळते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे पंचवीस अंशांना वीस मिनिटे मिळणार असतील तर पंचेचाळीसला जेमतेम पाच. इथे लोक एक युक्ती करतात, हार्डनर अगदी थेंबभर घालतात. ती फसवी आहे. एक टक्क्याच्या खाली गेले की रेझिन वरून कडक वाटते पण आतून पूर्ण पक्के होत नाही, आणि मग महिन्याभराने तंतूंची जाळी रंगातून वर उमटते. पावसाळ्यात मॅट ओल धरते, तेही वाईट. पण याचा अर्थ वऱ्हाडात हे काम होत नाही असा नाही. याचा अर्थ वऱ्हाडात त्याला हंगाम आहे. दिवाळी सरल्यापासून माघापर्यंत अमरावतीच्या दुपारी पंचवीस-तीस अंशांच्या आसपास आणि कोरड्या असतात. रेझिनला याहून चांगली हवा मुंबईत बाराही महिने शोधून सापडणार नाही. तिथला दमटपणा हा आपल्या उन्हापेक्षा मोठा शत्रू आहे, कारण उन्हाला टाळता येते. उन्हाळ्यात चेसिस, ब्रेक आणि वायरिंग, पावसाळ्यात इंजिन आणि आसने, हिवाळ्यात फायबर. शेतकऱ्याच्या जिल्ह्यात कामाला हंगाम असतो हे कोणाला समजावून सांगावे लागू नये.

रंगाची निवडही इथल्या उन्हाला विचारून करावी. साधे पॉलिएस्टर रेझिन साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि वैशाखात उन्हात उभ्या असलेल्या काळ्या बॉनेटचे तापमान तेवढे सहज होते. म्हणून काळा, गडद निळा, गडद हिरवा हे रंग फोटोत कितीही राजबिंडे दिसोत, वऱ्हाडात फायबरच्या गाडीला पांढरा, पिवळा, फिकट राखाडीच शोभतो आणि टिकतो. रंग भट्टीत भाजून पक्का करण्याचा आग्रहही याच कारणासाठी धरू नये.

शेवटचा आक्षेप तत्त्वज्ञानाचा आहे. इतके थर नवे दिले, मडगार्ड नवा घडवला, मग ती गाडी 'मूळ' राहिली का? हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मिलिंदप्रश्न या ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो की तुझा रथ म्हणजे नेमके काय. आस, चाक, जू, दांडा? यांतले एकेक म्हणजे रथ नव्हे आणि या सगळ्यांवेगळा असाही रथ सापडत नाही. जोडणीला दिलेले ते नाव आहे. जुन्या गाडीचे मूळपणही असेच जोडणीत आणि रीतीत असते. मूर्तिजापूरच्या 'शकुंतला' आगगाडीचे वाफेचे इंजिन मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधले गेले आणि १९९४पर्यंत सत्तर वर्षे धावले. इतक्या काळात त्याचे कितीतरी भाग झिजून बदलले असणार. तरी ते दुसरे इंजिन झाले असे कोणी म्हटले नाही. मग जी सवलत आपण लोखंडाला देतो ती फायबरला का नाकारतो? उलट, ज्या साच्याच्या रीतीने मडगार्ड मुळात घडला त्याच रीतीने पुन्हा घडवलेला भाग हा ठोकून सरळ केलेल्या पत्र्यापेक्षा मूळ रूपाशी जास्त प्रामाणिक असतो.

कायद्याची भूमिकाही याच दिशेची आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात जपलेले आणि चेसिस, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले वाहन त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. १९८२ सालच्या डॉल्फिनला हे दार २०३२मध्ये उघडेल. तेव्हा आज दुरुस्ती करणाऱ्याने 'जरा रुंद करू', 'मागे पंख लावू' असल्या मोहात पडू नये. दुरुस्ती चालते, रूपांतर चालत नाही. फायबर हवे तसे वळते, हा त्याचा गुण इथे धोका ठरतो. घरच्या कामाचा खरा कस पुट्टी घासण्यात लागत नाही. हात आखडता घेण्यात लागतो. प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि खरेदीची बिले एका फाइलीत ठेवली तर उद्या आरटीओच्या टेबलावर तीच आपली बाजू मांडतील.

पूर्वपक्षातले काय उरते, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तीन कामे घरची नव्हेत. चेसिसचे वेल्डिंग, कारण तिथे जीव टांगलेला असतो. ब्रेकची शेवटची तपासणी, त्याच कारणासाठी. आणि पीयूचा (पॉलियुरेथेनचा) अंतिम रंग, कारण त्याच्या हार्डनरमधला वायू फुप्फुसाला घातक असतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कागदी मास्क त्याला अडवत नाही. ही तिन्ही कामे अमरावतीत किंवा अकोल्यात जाणत्या माणसाकडून करून घेता येतात. घासताना उडणारी काचेची धूळ आणि रेझिनचा वास, दोन्ही राहत्या घरात नकोत; मळ्यातली किंवा आवारातली चारी बाजूंनी मोकळी शेडच हवी. हार्डनर आणि कोबाल्टचे एक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत; स्फोट होऊ शकतो. एक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये, हार्डनर नंतर आणि वेगळा. आणि एक खास वऱ्हाडी इशारा. फायबरचा हंगाम आणि कापसाचा हंगाम एकच. सीतादहीची पूजा होऊन वेचणी सुरू झाली की घराघरांत, गोठ्यांत, पडव्यांत कापूस साठू लागतो. रेझिन पक्के होताना स्वतःच तापते. उरलेल्या रेझिनचा डबा किंवा माखलेली चिंधी कापसाशेजारी टाकली तर काय होईल ते सांगायला नको. उरलेला डबा मोकळ्या जागी, पाण्याशेजारी ठेवावा. घर, गुरे आणि वर्षाचे पीक यांच्यापुढे गाडीची मातब्बरी नाही.

या मर्यादा मान्य करूनही पूर्वपक्ष उभा राहत नाही, कारण घराबाहेर न्यावे लागणारे एकही काम फायबरचे म्हणून नाही. वेल्डिंग, ब्रेक आणि रंग यांचे प्रश्न पत्र्याच्या गाडीलाही तितकेच आहेत. रेझिनची आणि धुळीची काळजी सोडली तर फायबरमुळे म्हणून जे वेगळे होते ते घरच्या बाजूने पडते. साधने थोडी, दाबयंत्र नको, भाग पुन्हा घडवता येतो, आणि मेहनत सोडली तर महागडे काही लागत नाही. तेव्हा एखादी डॉल्फिन, स्टॉर्म किंवा अलिबागची रोडस्टर समोर आली तर बॉनेटवरच्या भेगा मोजत बसू नये. त्या भरून निघतात. आधी खाली सतरंजी टाकून आडवे व्हावे, टॉर्च मारून चेसिस पाहावी, आसनपट्ट्यांच्या जोडांवर हातोडीने टिचकी मारून आवाज ऐकावा आणि नोंदणीचे कागद वाचावेत. चेसिस आणि कागद धड नसतील तर गाडी पत्र्याची असली तरी घेऊ नये. धड असतील, तर ती पुण्याला पाठवण्याचे एकही कारण फायबर पुरवत नाही.